बरोबरी झाली म्हणजे नेमकं काय झालं?

कोल्हापुरात बरोबरीला फारसा मान नाही. कुस्ती निकाली झाली पाहिजे, ही इथल्या प्रेक्षकाची जुनी अट. खासबाग मैदानात दोन मल्ल नुसतीच खडाखडी करत राहिले की लोक आवाज द्यायला लागतात, आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली तर घरी जाताना चर्चा एवढीच, ‘पैसं वाया गेलं.’ तीच नजर घेऊन माणसं बुद्धिबळाच्या स्पर्धेला येतात. तीन-साडेतीन तास पटावर बसलेलं पोर हॉलबाहेर येतं. आई विचारते, ‘जिंकलीस का हरलीस?’ पोर म्हणतं, ‘ड्रॉ झाली.’ ‘म्हंजे कोनच जिंकलं न्हाई व्हय?’ आणि डबा उघडता उघडता विषय मिटतो.

तो तिथंच मिटू नये असं मला मनापासून वाटतं, कारण कुस्तीतली बरोबरी आणि बुद्धिबळातली बरोबरी या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत. कुस्तीत वेळ संपते म्हणून सोडवतात. आणखी अर्धा तास लढले असते तर कुणीतरी पडलं असतं, ही रुखरुख राहते. बुद्धिबळात पटावर अशी स्थिती येऊ शकते की बचाव करणाऱ्यानं चूक केली नाही, तर समोरचा उद्या सकाळपर्यंत खेळला तरी मात होणार नाही. हे कुणाचं मत नसतं, ते पटावर दाखवून देता येतं. एक प्यादं कमी असलेला खेळाडू अशी स्थिती गाठतो आणि टिकवतो, तेव्हा त्यानं मिळवलेला अर्धा गुण कमावलेला असतो.

हे समजावण्यासाठी ग्रँडमास्टरांच्या डावाची गरज नाही. शहरात मे महिन्याच्या सुट्टीत झालेल्या एका रेटिंग स्पर्धेतला डाव घेतो. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. पांढऱ्या सोंगट्यांनी खेळत होते शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ, रेटिंग सतराशेच्या आसपास. काळ्या सोंगट्या इचलकरंजीहून आलेल्या नववीतल्या मुलीकडे, रेटिंग पंधराशेच्या आसपास. दोघंही हौशी. प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद वाढीव.

सुरुवात इटालियन पद्धतीची, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मधल्या खेळात मुलीचं एक प्यादं गेलं. घोडा चुकीच्या बाजूला नेला, दोन चालींनी लक्षात आलं, तोवर उशीर झाला होता. पुढं वजीर गेले, उंट-घोडे गेले, प्याद्यांची काटछाट झाली आणि पटावर पाच सोंगट्या उरल्या. घराच्या नावातलं अक्षर उभ्या पट्टीचं, पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच; आकडा आडव्या ओळीचा, पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८. पांढऱ्याचा राजा ई५, हत्ती एच७, प्यादं डी५. काळ्याचा राजा डी८, हत्ती ए६. घरात पट असेल तर एवढं मांडूनच पुढं वाचा. न मांडता वाचलंत तर निम्मं निसटेल.

काका एका प्याद्यानं पुढं. ते प्यादं आणखी तीन घरं चाललं की त्याचा वजीर होणार. काळ्या राजाला सातव्या ओळीवर पाय ठेवता येत नाही, कारण पांढऱ्या हत्तीनं ती ओळ धरली आहे. बघणाऱ्याला वाटावं की आता दहा मिनिटांचं काम. शेजारच्या बोर्डवरचा डाव संपवून आलेला एक मुलगा तिथं थांबला, पटावर नजर टाकली आणि ‘गेली’ अशा अर्थानं मान हलवून निघून गेला. चुकला तो. ही स्थिती बरोबरीची आहे, आणि ते गेली अडीचशे वर्षं माहीत आहे.

फिलिडोर नावाचा एक फ्रेंच माणूस, जन्म १७२६, मृत्यू १७९५. पोटापाण्याला संगीतकार, ऑपेरा लिहायचा, आणि बुद्धिबळात त्या काळी त्याला जोड नव्हती. १७७७ साली त्यानं या बचावाचं विश्लेषण छापलं. आजही शिकवणारा प्रत्येक माणूस याला फिलिडोरची स्थिती म्हणतो. त्यातली कल्पना कळली की पाठांतराची गरज राहत नाही.

पांढऱ्याला जिंकायचं तर नुसतं प्यादं पुढं ढकलून चालत नाही. राजानं प्याद्याच्या पुढं किंवा बरोबरीनं सहाव्या ओळीवर यावं लागतं. तिथून तो काळ्या राजाची उरलीसुरली घरं बंद करतो आणि मग एच८वर हत्तीनं मात बसते. म्हणजे सगळा खेळ सहाव्या ओळीचा. काळा हत्ती ए६ला बसला आहे तो नेमका याच ओळीवर. पांढरा राजा सी६, डी६, ई६ यांपैकी कुठल्याही घरात पाऊल टाकू शकत नाही, कारण ती सगळी घरं हत्तीच्या माऱ्यात आहेत. काळ्यानं फक्त वाट बघायची. हत्ती ए६हून जी६ला, जी६हून परत ए६ला. ओळ सोडायची नाही.

मुलगी नेमकं हेच करत होती. काकांनी एच८वर शह दिला, राजा डी७ला आला. एच७वर शह दिला, राजा परत डी८ला. काकांनी राजा फिरवून पाहिला, परत ई५ला आणला. घड्याळात त्यांची अकरा मिनिटं उरली होती, तिची नऊ. शेवटी त्यांच्यापुढं एकच मार्ग उरला, प्यादं डी६ला सारायचं. त्यामुळे सहावी ओळ मध्येच अडते आणि राजाला ई६चं घर मिळतं.

इथं हात आखडला पाहिजे. डी६ झाल्यावर काळ्याचं सहाव्या ओळीवरचं काम संपलेलं असतं, आणि हे ज्याला कळत नाही तो इथंच डाव घालवतो. सवयीनं हत्ती त्याच ओळीवर ठेवून बी६ला नेला तर पांढरा राजा ई६ला येतो, आणि एच८वर मात होण्याची धमकी. त्यावर शह द्यावा म्हटलं, तर बी६च्या हत्तीपुढं डी६चं प्यादं आडवं. आता हत्तीला पांढऱ्या राजाच्या मागं, लांब जायला हवं. मुलीनं पाणी प्यायलं, एकदा घड्याळाकडं बघितलं आणि हत्ती ए६वरून सरळ ए१ला खाली आणला. पटाच्या पार दुसऱ्या टोकाला.

काकांनी राजा ई६ला घेतला. मात होण्याची धमकी उभी. हत्ती ई१, शह. आता राजा लपणार कुठं? प्यादं डी५ला असतं तर त्याच्या पुढ्यात, डी६ला, आडोसा मिळाला असता. पण प्यादं स्वतःच डी६ला जाऊन बसलं आहे, ते राजाच्या कामाचं राहिलेलं नाही. राजा डी५ला आला, हत्ती डी१, शह. राजा ई६, हत्ती ई१, शह. एफ६ला गेला तर एफ१वरून शह. आणि राजा शह चुकवत प्याद्यापासून दूर गेला की हत्ती मागून प्यादंच उचलतो. फिलिडोरचा सगळा बचाव एवढाच आहे: प्यादं पाचव्या ओळीवर आहे तोवर हत्ती सहाव्या ओळीवर, प्यादं सहाव्यावर आलं की हत्ती तळाला.

यात शहाणपण आहे ते पहिल्या भागात. हाताशी हत्ती आहे म्हटल्यावर घाबरलेला खेळाडू त्याला राजाशेजारी, आठव्या ओळीवर आणून पहारेकरी करतो. ए, बी, जी, एच या कडेच्या पट्ट्यांवरचं प्यादं असेल तर तो पहारा टिकतोही. पण प्यादं मधल्या पट्टीवरचं असेल आणि समोरचा राजा सहाव्या ओळीवर आलेला असेल तर तो बचाव कोसळतो. म्हणजे नैसर्गिक वाटणारी चाल हरवते आणि राजाला एकटं सोडून दूर थांबलेला हत्ती वाचवतो. नववीतल्या मुलीला हे माहीत होतं, कारण कुणीतरी तिच्याकडून ते बसून करून घेतलं होतं. आमच्या भागात असं बसून करून घेण्याची परंपरा आहे. शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, सांगलीच्याच. कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूरची पोरं स्पर्धा खेळायला सांगलीला जातात, तिकडची इकडं येतात.

आता कुणी म्हणेल, अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसानं सांगितलं म्हणून ते बरोबर कशावरून? आज त्याचं उत्तर मशीन देतं. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असतील, तर त्या सगळ्या स्थिती कॉम्प्युटरनं शेवटपर्यंत सोडवून साठवलेल्या आहेत. त्यांना टेबलबेस म्हणतात. सोंगट्या मांडल्या की टेबलबेस सांगतं: पांढरा जिंकतो, काळा जिंकतो किंवा बरोबरी. अंदाज नाही, प्रत्येक शक्यता तपासून काढलेलं उत्तर. आपल्या डावात पाचच सोंगट्या आहेत, तेव्हा शंकेला जागाच नाही. बत्तीस सोंगट्यांचा पूर्ण पट मात्र अजून कुणी सोडवलेला नाही. दोघांनीही निर्दोष खेळ केला तर सुरुवातीची स्थिती बरोबरीची आहे असं बहुतेक जाणकार मानतात, पण सिद्ध झालेलं नाही.

पुन्हा हॉलमध्ये येऊ, कारण बरोबरी पटावर असून भागत नाही. ती कागदावर यावी लागते आणि त्याचे नियम आहेत. नवख्या पालकांचा गोंधळ इथं जास्त होतो.

बरोबरीचा सगळ्यात ओळखीचा मार्ग म्हणजे दोघांची संमती. मुलीनं हत्ती ए६ला पहिल्यांदा नेला तेव्हाच ड्रॉ ऑफर केला होता. पद्धत अशी की आधी चाल करायची, मग ‘ड्रॉ?’ म्हणायचं, मग घड्याळ दाबायचं, आणि स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, त्या चालीपुढं (=) असं चिन्ह काढायचं. समोरचा विचार करत असताना मध्येच विचारायचं नाही. एकदा दिलेला प्रस्ताव मागं घेता येत नाही. समोरच्यानं हो म्हणावं, नाही म्हणावं किंवा सोंगटीला हात लावून चाल करावी, म्हणजे तो आपोआप नाकारला जातो. काकांनी काही न बोलता हत्ती उचलला. त्यांचा तो हक्कच होता, एक प्यादं जास्त होतं. पुढं बारा-पंधरा चाली मुलीनं पुन्हा विचारलं नाही, हेही योग्यच. दर दोन चालींना ‘ड्रॉ? ड्रॉ?’ करणं नियमात त्रास देण्यात धरतात आणि आर्बिटर, म्हणजे स्पर्धेचा पंच, त्याबद्दल शिक्षा करू शकतो.

दुसरा मार्ग, एकच स्थिती तीनदा येणं. इथं ‘तीच चाल तीनदा’ असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. पटावरची स्थिती तीनदा तीच यायला हवी, चाल करण्याची पाळी त्याच खेळाडूची हवी, आणि कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) किंवा आँ पासाँ (दोन घरं पुढं आलेलं प्यादं वाटेतच मारणं) यांचे हक्कही तेच हवेत. तीन वेळा लागोपाठ यायला हव्यात असंही नाही. मध्ये दहा चाली गेल्या तरी चालतं. आणि तिसऱ्यांदा स्थिती आली म्हणून डाव आपोआप थांबत नाही. मागावी लागते.

या मुलीनं ते कसं मागितलं ते बघण्यासारखं होतं. काळा हत्ती ई१ला आणि पांढरा राजा ई६ला, ही स्थिती दोनदा येऊन गेली होती. काकांनी राजा पुन्हा डी५हून ई६ला घेतला. आता तिनं हत्ती ई१ला नेला की तीच स्थिती तिसऱ्यांदा. तिनं हत्तीला हात लावला नाही. आधी स्कोअरशीटवर ‘हत्ती ई१, शह’ लिहिलं, घड्याळ थांबवलं आणि हात वर केला. आर्बिटर आले. तिनं त्यांना हळू आवाजात सांगितलं, ‘सर, ही चाल केली की तिसऱ्यांदा होतंय.’ त्यांनी दोघांचेही स्कोअरशीट घेतले आणि मागच्या चाली बोटानं तपासत गेले. हत्तीला नुसता स्पर्श झाला असता तरी त्या चालीपुरता हा हक्क गेला असता. आणि दावा चुकीचा निघाला असता तर काकांच्या घड्याळात दोन मिनिटं वाढली असती. म्हणून चाली नीट लिहिण्याला इतकं महत्त्व. गिचमिड लिहिणाऱ्या पोरांना मी हेच दाखवतो, तुमचा अर्धा गुण या कागदावर आहे.

दावा बरोबर निघाला. काकांनी हात पुढं केला, दोघांनी सह्या केल्या.

हाच नियम मागायचं विसरलं तर? त्यासाठी पुढची सोय आहे. तीच स्थिती पाचदा आली तर कुणी मागो न मागो, आर्बिटर डाव बरोबरीत सोडवतो. तसंच ५० चालींचं. दोघांच्या मिळून नव्हे, प्रत्येकाच्या ५० चाली एकही सोंगटी न मारता आणि एकही प्यादं न हलवता झाल्या, तर बरोबरी मागता येते. ७५ झाल्या की मागायची गरजच नाही. हे नियम चिकाटीला आवर घालायला आहेत. १९८९ साली बेलग्रेडला निकोलिच आणि आर्सोविच यांचा डाव २६९ चाली चालला आणि वीस तासांहून जास्त वेळानं बरोबरीत सुटला. शेवटी एकाकडं हत्ती आणि उंट, दुसऱ्याकडं नुसता हत्ती. त्या वेळी अशा स्थितीला ५० ऐवजी १०० चालींची सवलत होती, म्हणून तो इतका लांबला.

फ्लॅग पडण्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वेळ संपली की हरला, हे खरं. पण समोरच्याकडं मात करण्याइतकं बळ उरलेलं असेल तरच. तुमच्याकडं नुसता राजा आहे आणि समोरच्याची वेळ संपली, तर डाव बरोबरीचा. नियमाचे शब्द याहून काटेकोर आहेत: कायदेशीर चालींच्या कुठल्याही मालिकेनं मात होणं शक्य नसेल तर बरोबरी. एकट्या राजाला मात करता येत नाही. राजा आणि एकटा उंट दुसऱ्या एकट्या राजाला मात करू शकत नाही, राजा आणि एकटा घोडाही नाही; तिथं डाव लगेच संपतो.

राहिलं स्टेलमेट. ज्याची चाल आहे त्याच्या राजाला शह नाही, पण त्याच्याकडं एकही कायदेशीर चाल नाही, अशी कोंडी. लहान मुलं वजीर करून झाल्यावर यात हमखास सापडतात: काळा राजा एच८ला एकटा, पांढरा वजीर जी६ला आला, आणि जिंकलेला डाव गेला. नऊ गुणांचा वजीर हातात असून अर्धा गुण. हे पोराच्या मनाला फार लागतं, आणि एकदा लागलं की ते आयुष्यात पुन्हा होत नाही.

पण स्टेलमेट म्हणजे नेहमी कुणाचा तरी वेंधळेपणा असं समजू नये. बचाव करणाऱ्याचं ते मोठं हत्यार आहे, आणि ते आपल्याच डावात दडलेलं होतं. पहिल्या स्थितीतले दोन्ही हत्ती काढून टाका. पांढरा राजा ई५, प्यादं डी५, काळा राजा डी८. आता काय?

चाल कुणाची यावर सगळं अवलंबून. पांढऱ्याची असेल तर राजा डी६ला येतो, काळ्या राजासमोर एक घर सोडून उभा राहतो, आणि काळा हरला. त्याला बाजूला व्हावंच लागतं, तो ज्या बाजूला होईल त्याच्या उलट बाजूनं पांढरा राजा पुढं सरकतो आणि प्याद्याला वाट करून देतो. काळ्याची चाल असेल तर तो डी७ला येऊन आधी वाट अडवतो आणि डाव वाचतो. पण तेही सरळ नाही. पांढरा प्यादं डी६ला ढकलतो. आता काळ्या राजाला मागं जायला तीन घरं: सी८, डी८, ई८. तिन्ही सारखीच वाटतात, त्यातलं एकच बरोबर. सरळ मागं, डी८. पांढरा राजा ई६, काळा ई८, समोरासमोर. प्यादं डी७, शह. राजा डी८. आता पांढऱ्याला प्यादं राखायला राजा डी६ला आणावा लागतो आणि काळ्याला चालच उरत नाही. स्टेलमेट. राजा डी७हून ई८ला किंवा सी८ला गेला असता, तर हाच क्रम एका चालीनं उलटा पडला असता: पांढरा राजा ई६, काळा डी८, प्यादं डी७, काळ्या राजाला सी७ला सरकावं लागतं, पांढरा राजा ई७, आणि पुढच्या चालीला वजीर. एका घराचा फरक, आणि तो शून्य की अर्धा हे ठरवतो. बुद्धिबळात मला याहून सुंदर काही सापडलेलं नाही.

यातूनच दिसतं की ‘बरोबरीची स्थिती’ म्हणजे विश्रांती नव्हे. १२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा जगज्जेतेपदाचा चौदावा, शेवटचा डाव झाला, तो कित्येकांनी फोनवर बघितला असेल. गुकेशकडं एक प्यादं जास्त होतं, पण दोघांकडं हत्ती आणि उंट शिल्लक होते आणि स्थिती बरोबरीची होती. डिंगनं नुसतं धरून ठेवायचं होतं. ५५व्या चालीला त्यानं हत्ती एफ२ला नेऊन हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशनं हत्ती बदलले, लगेच उंटही बदलायला लावले, आणि उरला राजा-प्याद्यांचा शेवट, जो डिंग हरत होता. साडेसात-साडेसहा. बरोबरीच्या स्थितीत कुठली सोंगटी बदलू द्यायची आणि कुठली जिवापाड राखायची, एवढ्यावर जगज्जेतेपद गेलं. इचलकरंजीच्या मुलीनं हत्ती राखला होता.

दुसरीकडं, बरोबरी म्हणजे दोघांपैकी कुणाची तयारी कमी असंही नाही. जुलै २०२५मध्ये बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत, त्यातलाही पहिला बरोबरीत, दुसरा दिव्यानं जिंकला. २०१८ साली लंडनला कार्लसन आणि कारुआना जगज्जेतेपदासाठी बारा क्लासिकल डाव खेळले, बाराच्या बारा बरोबरीत. प्रेक्षक वैतागतात हे मला समजतं. काही आयोजक म्हणूनच ठरावीक चालींआधी संमतीनं बरोबरी करायला बंदी घालतात, आणि माझ्या मते ते योग्य आहे. दहा चाली खेळून हात मिळवणारे दोन खेळाडू आणि साठ चाली झुंजून तिथं पोचलेले दोन खेळाडू यांना कागदावर सारखाच अर्धा गुण मिळतो, पण बघणाऱ्यानं त्या दोघांना एका मापानं मोजू नये.

रेटिंगचा हिशोबही बरोबरीला सारखं मानत नाही, हे पालकांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. हंगेरीत जन्मलेल्या अर्पाद एलो यांनी बसवलेली ही पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याकडून ०.७६ गुणांची अपेक्षा धरतात, खालच्याकडून ०.२४ची. प्रत्यक्षात दोघांनाही ०.५ मिळाले. मुलीनं अपेक्षेपेक्षा ०.२६ जास्त मिळवले. अठरा वर्षांखालच्या, २३००च्या आत रेटिंग असलेल्या खेळाडूला त्या फरकाला ४०नं गुणतात, म्हणजे तिचं रेटिंग १०.४नं वाढलं. काकांसारख्या जुन्या खेळाडूला २०नं गुणतात, म्हणजे ५.२ कमी झालं. एकाच डावातून एक वर गेली, एक खाली आले. ‘कोनच जिंकलं न्हाई’ असं म्हणणाऱ्या आईला हे आकडे दाखवावेत.

काकांवर अन्याय नको. डी६ ढकलण्याआधी त्यांनी बराच वेळ थांबून, वेगवेगळ्या बाजूंनी मुलीची परीक्षा घेतली, हे चांगल्या खेळाचंच लक्षण. समोरच्याला बरोबरी येते का हे बघण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पंधराशे रेटिंगच्या दहा खेळाडूंपुढं ही स्थिती ठेवली तर त्यातले काही डी६ नंतर हत्ती सहाव्या ओळीवरच ठेवतील, असं माझा शिकवण्याचा अनुभव सांगतो. डाव संपल्यावर काकांनी तिला बाहेरच्या टेबलावर बसवलं, पाच सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि विचारलं, ‘बाळ, ए१च का? बी६ ठेवला असतास तर?’ तिनं राजा ई६ला नेऊन दाखवला. ते म्हणाले, ‘हां. मग मी मारतोच की तुला.’ वडील मागं उभे राहून बघत होते.

घरी शिकवायचं असेल तर पुस्तकाची गरज नाही. पाच सोंगट्या मांडा, पांढरं तुम्ही घ्या, काळं पोराला द्या, आणि शह देऊन, राजा फिरवून, जमेल तितकं छळा. दोन-तीन वेळा डाव वाचवता आला की बाजू बदला, म्हणजे हल्ला करताना कुठं अडतं ते त्याला आतून कळेल. मग प्यादं आणि पांढरा राजा एक-एक पट्टी उजवीकडं सरकवा, काळा राजा ई८ला ठेवा, पांढरा हत्ती डावीकडं ए७ला आणि काळा हत्ती एच६ला न्या. उत्तर तेच येतं का ते पोरालाच शोधू द्या. त्यानंतर दोन्ही हत्ती उचला आणि राजा-प्याद्याचं मांडा, एकदा पांढऱ्याची चाल धरून, एकदा काळ्याची.